चाकणची ऑफर, अंबडची नोकरी आणि दोन वेगळी खाती

प्रश्न विचारणारे ३६ वर्षांचे आहेत. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ८ वर्षं क्वालिटीला आहेत. पर्मनंट आहेत, पगार वेळेवर होतो, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय आणि त्याचे हप्ते चालू आहेत. बायको नाशकातच शिक्षिका, मुलगी तिसरीत, आईवडील निफाडकडे द्राक्षबाग सांभाळतात. सकाळी गाडी काढायलाच नको वाटतं, असं ते लिहितात. पुण्याजवळच्या चाकणच्या एका कंपनीने ४० टक्के जास्त पगार देऊ केलाय. मित्र म्हणतो ये, वडील म्हणतात पर्मनंट सोडू नकोस, बायको म्हणते तुम्ही ठरवा. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "नोकरीत समाधान मिळतच नसतं, की मलाच ते घेता येत नाही?"

मी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात नोकरी केली. त्याला पुढे एचआर म्हणू लागले. आता नोकरीच्या पेचात सापडलेल्या माणसांशी बोलते, तेही बहुतेक याच पट्ट्यातल्या. तुमच्यासारखं पत्र नवं नाही. पण उत्तर देताना घाई करणार नाही, तेव्हा जरा बैठक मारून वाचा.

चाकणला जा किंवा जाऊ नका, हे मी आज सांगणार नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्यात आणि त्या ऑफरमध्ये त्यातल्या फक्त एकीचं उत्तर आहे.

पत्र पुन्हा वाचून बघा. नवे साहेब सगळ्यांदेखत बोलतात. दोन वर्षं इन्क्रिमेंट नावापुरतं झालं. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई झाली की शंका असलेला माल सोडायला लावतात. कॅन्टीन बिघडलंय. ही झाली एक बाजू. मग पानाच्या तळाशी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे: "मुलीने विचारलं, बाबा तुम्ही कंपनीत काय करता, तर मला सांगता येईना." समजा उद्या साहेब बदलले, पगार वाढला, कॅन्टीनला चांगला ठेकेदार आला, तरी हे वाक्य जागचं हलणार नाही.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली नेमकं हेच मांडलं. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना त्याने विचारलं होतं की, कामावर फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा आणि फार वाईट वाटलं तोही सांगा. वाईट प्रसंगांत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, सोयीसुविधा हे पुन्हा पुन्हा आलं. चांगल्या प्रसंगांत मात्र या गोष्टी फारशा नव्हत्या. तिथे काम तडीला गेल्याचा आनंद होता, कोणीतरी त्याची दखल घेतली होती, जबाबदारी मिळाली होती, कामातच गोडी होती. म्हणून त्याचं म्हणणं असं की नाराजी आणि समाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. दोन्हींची खाती वेगळी. नाराजीचं खातं शून्यावर आणलं तर माणूस कुरकुरायचा थांबतो, एवढंच. खूश होतोच असं नाही.

या मांडणीवर आक्षेपही आले, आणि ते रास्त आहेत. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो आणि वाईट झालं की साहेबावर ढकलतो. त्यामुळे अशा मुलाखतींतून हेच चित्र निघणार, असं टीकाकार म्हणाले. शिवाय पगार नुसता नाराजी टाळण्यापुरता असतो हे हप्ते भरणाऱ्या माणसाला कोणी तोंडावर सांगू नये. पण पेचातल्या माणसाला विचार करायला बसवण्यासाठी ही दोन खाती फार कामाची आहेत, असा माझा अनुभव आहे.

आपल्या नाशकात पहिल्या खात्याचं, म्हणजे पगार आणि सोयींच्या बाजूचं, वजन फार. तुमच्या वडिलांच्या पिढीत नोकऱ्यांची उतरंड ठरलेली होती. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागला, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात लागला किंवा मायकोत (आताच्या बॉशमध्ये) लागला, की घरच्यांची चिंता मिटली. करन्सी नोट प्रेस १९२८ची. ज्या गावात नोटा छापायची सरकारी नोकरी शंभरेक वर्षं समोर दिसते आहे, तिथे "पर्मनंट" या शब्दाला देवघरात जागा मिळणारच. वडिलांवर चिडू नका. अवकाळी आणि गारपीट ज्याने बागेत उभं राहून पाहिली, त्याला दर महिन्याच्या ठरावीक तारखेला खात्यात येणारा पैसा काय वाटत असेल, याचा विचार करा.

आणि गंमत बघा, वडिलांच्या कामात जे आहे ते तुमच्या कामात नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. फुटवा कसा निघाला, घड किती ठेवायचे, मण्याला फुगवण कशी आहे, हे ते स्वतः बघतात, स्वतः ठरवतात, आणि शेवटी क्रेट भरताना आपलं चुकलं की बरोबर आलं हे त्यांना कळतं. निर्यातीचा माल असेल तर मण्याची जाडीही मोजून घेतात. म्हणजे क्वालिटी इन्स्पेक्शन ते पण करतात! फरक एवढाच की मोजलेला मणी त्यांचा असतो. भावाची खात्री त्यांच्याकडे नाही, पण काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं आहे. तुमच्याकडे बरोबर उलट.

१९७०च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहम या दोघांनी कामाच्याच घडणीत काय काय असलं की माणूस त्यात रमतो, याचा अभ्यास केला. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सबंध आपल्या हातून होतं का, त्याने दुसऱ्या कोणाला फरक पडतो का, कसं करायचं ते आपल्याला ठरवता येतं का, आणि ते नीट झालं की नाही हे आपल्याला कळतं का. तुमचं काम या पाचांवर घासून बघू या. कौशल्य लागतं, त्यात वाद नाही. फरकही पडतो, ब्रेकच्या पार्टचा बोअर, म्हणजे आतलं भोक, साइजबाहेर गेला तर काय होऊ शकतं हे तुम्हाला मी सांगायला नको. अडचण आहे ती सबंध काम हातून होण्यात आणि झालेलं कळण्यात. क्वालिटी खात्यावर हा शापच असतो. लाखभर पार्ट बरोबर गेले तर कोणी फोन करत नाही. बारा खराब गेले की सकाळी आठ वाजता कस्टमरचा मेल, दहा वाजता मीटिंग, आणि संध्याकाळपर्यंत ८डी रिपोर्टचा, म्हणजे दोष का आला आणि काय उपाय केला या अहवालाचा, मसुदा. तुमचं यश म्हणजे काहीही न घडणं. न घडलेलं मुलीला सांगणार कसं? ती अडचण तुमच्यात नाही, कामाच्या मांडणीत आहे. चाकणलाही तुम्ही क्वालिटीलाच जाणार आहात हे लक्षात असू द्या.

म्हणून पहिलं काम सांगते. एक साधी वही घ्या, मोबाइलमध्ये नको. दोन आठवडे पाळी संपली की पार्किंगमध्ये गाडी काढायच्या आधी पाच मिनिटं लिहा. आज कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळलं नाही? कोणत्या तासाला घड्याळाकडे चार वेळा बघितलं? त्या वेळी नेमकं काय चाललं होतं, सोबत कोण होतं? मत लिहू नका, घडलेलं लिहा. "आजचा दिवस बेकार" या नोंदीचा काही उपयोग नाही. "११ ते १२, टूल बदलल्यावर मशीन नंबर चारचं सेटिंग ऑपरेटरबरोबर बसवलं, बरं वाटलं" ही नोंद उपयोगाची.

हे मी का करायला लावते? आपल्याला कशाने बरं वाटतं याबद्दलचा आपला अंदाज बऱ्याचदा चुकतो. १९८९ साली चिक्सेंटमिहाय आणि लफेव्हर यांनी शिकागो भागातल्या नोकरदारांना पेजर देऊन दिवसातून अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय आणि कसं वाटतंय. कामात पुरते गढून गेल्याचे क्षण फुरसतीपेक्षा कामावर कितीतरी जास्त निघाले. तरीही कामावर असताना तीच माणसं म्हणत होती की दुसरं काहीतरी करत असतो तर बरं. नोकरीचं नाव घेतलं की आपल्याला सगळी नोकरी आठवते, त्यातला अकरा ते बाराचा तास आठवत नाही. वहीत तो सापडतो.

माझ्याकडे सातपूरच्या एका कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस आला होता. नोकरी सोडून रसवंती टाकायची म्हणत होता. त्याच्या वहीत काय निघालं? ब्रेकडाउन आला की गडी खूश. रात्री दोन वाजता बोलावलं तरी खूश. त्याला कंटाळा होता तो प्रिव्हेंटिव्हच्या, म्हणजे मशीन बिघडायच्या आधीच्या देखभालीच्या, चेकलिस्टा भरण्याचा, आणि बढती मिळाल्यापासून तो बहुतेक तेच करत होता. म्हणजे नोकरी वाईट नव्हती, बढतीने त्याचं आवडतं काम काढून घेतलं होतं. असं इंजिनिअर लोकांचं फार होतं. चांगला हात असलेल्या माणसाला आपण खुर्ची बक्षीस देतो.

तुमची वही भरली की बघा, बरे तास कुठल्या कामाभोवती जमलेत. मग ते तास वाढवायचे. एमी व्झेस्नीव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये याबद्दल लिहिलं. हॉस्पिटलातल्या सफाई कामगारांशी बोलताना त्यांना दिसलं की नेमणूक तीच, पगार तोच, पण काही जण स्वतःला फक्त फरशी पुसणारे समजत होते, तर काही जण रुग्णांची विचारपूस, नातेवाइकांना वाट दाखवणं हेही आपलंच काम धरून चालत होते. दुसऱ्या गटाला काम अर्थाचं वाटत होतं. कोणी त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय? वही न बघता मी अंदाजच करू शकते, पण क्वालिटीतल्या माणसांना तीन गोष्टींचा गुण आलेला मी पाहिलाय.

पहिली म्हणजे एक दोष स्वतःच्या नावावर घ्या. तुमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी एखादी कटकट असेलच. कास्टिंगचा ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) असेल, बर (कडेला राहिलेली धारदार कोर) असेल, थ्रेड बिघडत असतील. सगळे जण रोज ती वेगळी काढतात आणि रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला, टाकतात. ती एक कटकट तुम्ही मुळापासून घ्या. सप्लायरच्या फाउंड्रीत जा, फिक्स्चर बघा, तिन्ही पाळ्यांतल्या ऑपरेटरशी बोला, आकडे स्वतः काढा. सहा महिन्यांत ती अर्धी झाली तर तुमच्याकडे पहिल्यांदा असं काही असेल की जे सुरू तुम्ही केलं आणि संपवलंही तुम्ही. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांच्या सुमारे १२ हजार रोजनिशीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चांगल्या दिवसांमागे सर्वांत जास्त वेळा एकच कारण दिसलं: अर्थ असलेल्या कामात थोडीशी का होईना, प्रगती झाली होती. बक्षीस नाही, पार्टी नाही. काम पुढे सरकलं होतं.

दुसरी गोष्ट, तुमचा पार्ट जिथे बसतो ती असेंब्ली लाइन बघून या. आठ वर्षांत कस्टमरकडे फक्त तक्रारीला गेला असाल. तक्रार नसताना जा. पार्ट गाडीत बसताना, ती गाडी लाइनवरून खाली उतरताना बघा आणि परवानगी मिळाली तर एक फोटो काढा. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

तिसरी, शिकवा. तुमच्याकडे आयटीआयची अप्रेंटिस पोरं येत असणार. नांदगाव, येवला, सुरगाणा, कुठून कुठून येतात. त्यांना पहिल्या दिवशी गो-नो गो गेज हातात देतात आणि सांगतात, हे जातंय का बघ, जात नसेल तर लाल ट्रेमध्ये टाक. का, ते कोणी सांगत नाही. ड्रॉइंग वाचायला, मायक्रोमीटरचा झिरो तपासायला, टॉलरन्स कुठून येतो हे सांगायला आठवड्यातला एक तास मागून घ्या. शिकवणाऱ्याला स्वतःचं ज्ञान पुन्हा दिसू लागतं. आठ वर्षं रोज वापरून ते तुम्हाला दिसेनासं झालंय.

हे साहेबांकडे मागायचं कसं? इथे बहुतेकांचा घोडा अडतो. "सर, मला कामात समाधान नाही" असं म्हणून केबिनमध्ये जाऊ नका. साहेबाला त्याचा अर्थ दोनच प्रकारे लागतो, पगार वाढवून हवाय किंवा हा चाललाय. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर जाऊच नका. पाच-सहा तारखेला, डिस्पॅचचा धुरळा बसला की जा आणि आकडा घेऊन जा. असं काहीसं बोला: "सर, मागच्या सहा महिन्यांत आपल्या रिवर्कमधला एवढा भाग एकट्या ब्लोहोलचा आहे. मला मंगळवारची दुपार मोकळी द्या, मी हा विषय हातात घेतो. तीन महिन्यांनी आकडा दाखवतो, फरक नसेल तर बंद करू." यात तुम्ही भावना मांडत नाही, सौदा करताय. साहेबाला नाही म्हणायला कारण उरत नाही, आणि हो म्हटल्यावर मंगळवारची दुपार तुमची झाली.

एक सावधगिरी. कंपन्यांना हा प्रकार फार आवडतो, कारण तो फुकट असतो. जादा काम स्वतःहून अंगावर घ्या, त्यात आनंद माना, आणि वर्षाअखेरीस कायझेनचं, म्हणजे कामातल्या सुधारणेचं, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा घरी न्या. म्हणून नवीन काही घेताना जुनं काही सोडा. मंगळवार दुपारचं रोजचं रिपोर्टिंग कोण करणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. नाहीतर दोन्ही तुमच्या बोकांडी बसेल आणि तीन महिन्यांनी तुम्ही मला यापेक्षा वाईट पत्र लिहाल.

आता महिनाअखेरीचा शंकास्पद माल. याला मी कॅन्टीनच्या रांगेत बसवणार नाही. पत्रात तुम्ही ते चार तक्रारींतली एक म्हणून लिहिलंय, पण मला वाटतं खरी पोखरणारी गोष्ट हीच आहे. क्वालिटीच्या माणसाकडे विकायला एकच वस्तू असते, त्याची सही. ती मनाविरुद्ध करावी लागली की घरी गेल्यावर जेवण गोड लागत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्याला नोकरीचा कंटाळा आलाय. यावर समुपदेशन चालत नाही, कागद चालतो. तो कागद म्हणजे डेव्हिएशन नोट, मापात न बसणारा माल सोडायच्या परवानगीची लेखी नोंद. पुढच्या वेळी आवाज न चढवता म्हणा, "सर, डेव्हिएशन नोट बनवतो, तुम्ही सही करा, कस्टमरची मंजुरी मागवू, मग लगेच सोडतो." आपल्या सहीखाली माल सोडायची वेळ आली की सोडायला सांगणारे निम्म्या वेळी विचार बदलतात. बदलला नाही तरी निर्णय कोणाचा हे कागदावर येतं. सुरक्षेशी संबंधित पार्ट असेल आणि कागदही करू देत नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे: तिथून निघायची तयारी सुरू करा, चाकण असो वा नसो.

साहेब सगळ्यांदेखत बोलतात, त्याबद्दल फार लिहीत नाही. एकदा एकट्यात सांगून बघा की चूक दाखवा, पण केबिनमध्ये दाखवा. काही जणांना कोणी कधी हे सांगितलेलंच नसतं आणि ते सुधारतात. दोन-तीनदा सांगूनही चालूच राहिलं तर तो स्वभाव आहे, त्याच्याशी जुळवून घेण्यात समाधान शोधू नका. अपमान सहन करण्याची कला कोणी शिकवत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी विचारते. झोप लागते का? रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो का? पूर्वी आवडणारी माणसंही आता नकोशी झालीत का, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची, म्हणजे बर्नआउटची, तीन लक्षणं दिली: कमालीचा थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि काम उरकण्याची क्षमता घसरल्याची भावना. तिला त्यांनी आजार म्हटलेलं नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलंय. हे तिन्ही असेल तर वही, मंगळवार, चाकण, सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. जायला संकोच वाटत असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. थकलेल्या डोक्याने राजीनामा लिहू नये आणि ऑफरही स्वीकारू नये.

आता पैसा. ४० टक्के कमी नाहीत, आणि समाधानाच्या गप्पा मारून मी ते उडवून लावणार नाही. पण हिशेब पुरा करा. फ्लॅटचा हप्ता चालूच राहणार, चाकणला भाडं वेगळं. बाईंची शाळा अनुदानित असेल आणि त्या पर्मनंट असतील तर तशी जागा पुण्यात पुन्हा मिळणं सोपं नाही. म्हणजे एकतर घरातला एक पगार जाईल किंवा तुम्ही शनिवारी रात्री नाशकात आणि रविवारी रात्री पुन्हा चाकणात. नाशिक-पुणे रस्ता तुम्हाला माहीत आहे आणि चाकण चौकातली कोंडीही. डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०० हून अधिक नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासागणिक हिशेब विचारला, तेव्हा दिवसातली सर्वांत नकोशी वेळ निघाली ती सकाळी कामावर जायच्या प्रवासाची. आज तुम्ही पाथर्डी फाट्यावरून अंबडला किती मिनिटांत पोचता? त्या मिनिटांची किंमत ४० टक्क्यांतून वजा करा.

ग्रॅच्युइटीची काळजी असेल तर ती बुडत नाही. ८ वर्षं झालीत, त्यामुळे सोडताना ती मिळेल: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. हे दोन्ही मिळून ३० हजार धरले तर सुमारे १ लाख ३८ हजार होतात. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

आणि पगाराबद्दल आणखी एक. तुम्हाला त्रास पगाराचा आहे की मित्राच्या पगाराचा? अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी १९९६ मध्ये सुमारे ५ हजार ब्रिटिश कामगारांची माहिती तपासून दाखवलं की आपल्यासारख्या लोकांना जेवढं मिळतं त्याच्या तुलनेत आपलं कमी असलं की समाधान घटतं. पत्रात त्या मित्राचं पॅकेज तुम्ही दोनदा लिहिलंय, स्वतःचा पगार एकदाही नाही.

नोकरी बदलल्यावर बरं वाटतं, हे खरं आहे. वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये व्यवस्थापकांचा काही वर्षं मागोवा घेतला. सोडायच्या आधी समाधान तळाला असतं, नव्या जागी एकदम वर जातं आणि मग पुन्हा खाली उतरू लागतं. नव्या नवरीचे नऊ दिवस आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. म्हणून बदलूच नये असं नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या आनंदावरून निर्णय बरोबर ठरला असं समजू नये, इतकंच.

चाकण योग्य ठरेल अशीही शक्यता आहे. तिथे तुम्हाला नव्या मॉडेलच्या डेव्हलपमेंटवर, म्हणजे ड्रॉइंगपासून पहिला पार्ट पास होईपर्यंतच्या कामावर घेणार असतील, तर तुमच्या पत्राच्या तळाशी असलेल्या त्या वाक्याला तिथे उत्तर आहे आणि मी तुम्हाला जा म्हणेन. पुन्हा फायनल इन्स्पेक्शनच करायचं असेल तर तीच नोकरी जास्त पैशांत आणि जास्त दूर.

तिसरी वाटही आहे, ती लोक कमीपणाची मानतात. व्झेस्नीव्स्की यांनीच १९९७ मध्ये दाखवलं की कामाकडे बघायच्या तीन तऱ्हा असतात. कोणाला ते पोटापाण्याचं साधन, कोणाला वर चढायची शिडी, कोणाला जीव ओतायची जागा. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या कार्यालयीन साहाय्यकांतही तिन्ही तऱ्हांची माणसं जवळपास सारखी निघाली. तेव्हा नोकरीला पोटापाण्याचं साधन मानून, ते प्रामाणिकपणे करून, साडेपाचनंतरच्या आयुष्यात जीव ओतायला काही हरकत नाही. ढोल पथकात वाजवणारे, पहाटे अंजनेरी चढून येणारे, मुक्त विद्यापीठातून तिसरी पदवी घेणारे, रविवारी गावी जाऊन बाग बघणारे असे कितीतरी फिटर, इन्स्पेक्टर, क्लार्क मी पाहिलेत. ते कामावर कुरकुरत नाहीत, कारण सगळं देणं नोकरीनेच द्यावं असं त्यांनी तिला सांगितलेलंच नाही. तुम्ही त्यांच्यातले आहात का, हेही वहीतून कळेल. निफाडहून परतलेल्या सोमवारची नोंद इतर दिवसांपेक्षा वेगळी निघते का बघा.

ऑफरवाल्यांना आजच कळवा की नोटीस पिरियड आणि घरच्या व्यवस्थेमुळे तीन आठवड्यांची मुदत हवी, आणि त्याआधी एक दिवस प्लँट बघायचा आहे. गेलात की तीन प्रश्न विचारा: माझे थेट साहेब कोण, ही जागा रिकामी का झाली, आणि पहिल्या वर्षी माझ्याकडे कोणता प्रोजेक्ट असेल. एचआरला विचारू नका, मी त्याच खात्यातली आहे म्हणून सांगते. लाइनवरच्या इन्स्पेक्टरला चहाच्या वेळी विचारा. बायकोला बरोबर न्या, चाकणमधली घरं आणि शाळा तिला बघू द्या. "तुम्ही ठरवा" हे तिने काहीच न बघता म्हटलंय, बघितल्यावर काय म्हणते ते ऐका. मग वही घेऊन बसा आणि मला लिहा, पण या वेळी मित्राचं पॅकेज न लिहिता.